डोनर स्त्रीबीज: ताजं घ्यावं की गोठवलेलं?

जर्मनीत आणि स्वित्झर्लंडमध्ये दुसऱ्या स्त्रीचं बीज घेऊन आयव्हीएफ (शरीराबाहेर बीज फलित करून गर्भधारणा) करायला कायद्यानं बंदी आहे. ब्रिटनमध्ये परवानगी आहे, पण १ एप्रिल २००५ नंतरच्या डोनरची ओळख मुलाला वयाच्या अठराव्या वर्षी मागता येते. स्पेन आणि चेक प्रजासत्ताकात मात्र डोनर निनावी राहते. अशा ना तशा कारणानं दरवर्षी कितीतरी जोडपी देशाची सीमा ओलांडून उपचार घ्यायला जातात, आणि तिथं अगदी सुरुवातीलाच त्यांना विचारलं जातं : बीजं ताजी हवीत की गोठवलेली?

‘ताजं ते चांगलं’ हे उत्तर वीस वर्षांपूर्वी बरोबर होतं. स्त्रीबीज ही शरीरातली सर्वांत मोठी पेशी. व्यास जेमतेम ०.१ मिलिमीटर, पण आत पाणीच पाणी. हळूहळू थंड केलं की त्या पाण्याचे स्फटिक होतात आणि पेशी आतून फाटते. शिवाय पक्व बीजातली गुणसूत्रं अतिशय नाजूक तंतूंच्या जाळ्यावर ओळीनं मांडलेली असतात आणि थंडीनं ते जाळं विस्कटतं. गोठवलेल्या बीजापासून गर्भधारणा झाल्याची पहिली नोंद १९८६ सालची, ऑस्ट्रेलियातली. तरीही पुढची कित्येक वर्षं हे तंत्र बेभरवशाचंच राहिलं.

चित्र पालटलं ते व्हिट्रिफिकेशनमुळे. यात पाण्याला बर्फ व्हायला वेळच दिला जात नाही. बीज आधी सौम्य द्रावणात ठेवतात. आतलं पाणी बाहेर पडून ते आक्रसतं, मग द्रावण आत शिरतं तसं पुन्हा गोल होतं. पुढच्या तीव्र द्रावणात त्याला सुमारे एक मिनिटच मिळतं. तेवढ्यात भ्रूणतज्ज्ञ सूक्ष्मदर्शकाखाली ते उचलून अर्ध्या मिलिमीटरहूनही अरुंद अशा प्लास्टिकच्या पट्टीवर ठेवतात, भोवतालचा द्रव जवळपास सगळा ओढून घेतात आणि पट्टी उणे १९६ अंशांच्या द्रवरूप नायट्रोजनमध्ये बुडवतात. तापमान मिनिटाला वीस हजार अंशांहून अधिक वेगानं कोसळतं आणि सगळं काचेसारखं थिजतं. परत आणताना तर त्याहून जास्त घाई, कारण वर येतानाच्या क्षणभरातही स्फटिक होऊ शकतात. हे सगळं हातानं चालतं. म्हणून लॅबचा हात बसलेला आहे की नाही, याला मी क्लिनिकच्या चकचकीत माहितीपत्रकापेक्षा जास्त किंमत देईन.

आकडे काय म्हणतात? २०१० साली स्पेनमधल्या एका मोठ्या चाचणीचे निष्कर्ष आले. ६०० स्त्रियांना चिठ्ठ्या टाकल्यासारखं दोन गटांत वाटलं होतं. गोठवलेल्या बीजांपैकी ९२.५ टक्के वाचली आणि गर्भधारणा टिकण्याचं प्रमाण गोठवलेल्यांत ४३.७ टक्के, ताज्यांत ४१.७ टक्के निघालं. म्हणजे फरक नाहीच. २०१२ साली अमेरिकेतल्या प्रजननतज्ज्ञांच्या संघटनेनं या तंत्रावरचा ‘प्रायोगिक’ हा शिक्काही काढला. पण २०१३ सालच्या अमेरिकाभरच्या नोंदी पाहिल्या, तर सुरू केलेल्या दर शंभर उपचारांमागे ताज्या बीजांनी ४९.६ वेळा मूल जन्मलं, गोठवलेल्यांनी ४३.२ वेळा.

दोन्ही आकडे खरे आहेत. पहिला एका मुरलेल्या लॅबचा, दुसरा देशभरातल्या बऱ्यावाईट सगळ्यांचा. माझ्या मते यात आणखी एक गोष्ट दडलेली आहे : संख्या. ताज्या उपचारात डोनरच्या त्या खेपेची सगळी बीजं मिळू शकतात, समजा बारा. गोठवलेली बहुधा सहा-आठच्या गटानं मिळतात. ढोबळ हिशेब करा. आठातली सात वाचली, पाच फलित झाली, तर पाचव्या दिवसापर्यंत दोन-तीन भ्रूण तग धरतील. बारा ताज्या बीजांतून चार-पाच. एकाच मुलाचा विचार असेल तर दोन-तीन भ्रूणही पुरतील. पुढेमागे त्याच डोनरचं दुसरं मूल हवं असेल, तर बाराचा आकडा फार मोलाचा. मात्र काही क्लिनिक ताजी बीजंही दोघींत वाटून देतात. तेव्हा ‘ताजी’ म्हणजे ‘सगळी’ असं गृहीत धरू नये.

परदेशात उपचार म्हटलं की त्यात कॅलेंडर घुसतं. डोनर दहा-बारा दिवस इंजेक्शनं घेते आणि शेवटच्या इंजेक्शननंतर साधारण ३६ तासांनी बीजं काढतात. तिच्या तारखांशी जुळवून दुसऱ्या देशातल्या स्त्रीनं गर्भाशयाचं अस्तर गोळ्यांनी तयार करायचं, शुक्राणूंचा नमुना त्याच दिवशी तिथं हजर हवा आणि भ्रूण आत सोडायचा पाच दिवसांनी. डोनरचा प्रतिसाद कमी पडला किंवा ती आजारी पडली, की तिकिटं आणि रजा दोन्ही वाया. गोठवलेल्या बीजांत ही धाकधूक नाही. तुमची तारीख तुम्ही ठरवा. शिवाय स्थानिक डोनरमध्ये आपल्याशी जुळणारी वर्णाची किंवा वंशाची स्त्री मिळणं अवघड असेल, तर दूरच्या, गोठवलेली बीजं साठवणाऱ्या बँकेतून बीजं मागवता येतात. इटलीत २०१४ साली तिथल्या घटनात्मक न्यायालयानं बंदी उठवली, पण बीज देणाऱ्या फारशा पुढे आल्या नाहीत. मग माणसांनी स्पेनला जाण्याऐवजी स्पेनची गोठवलेली बीजंच इटलीला येऊ लागली.

याच्या अधेमधे एक वाट आहे आणि तिची चर्चा व्हायला हवी तितकी होत नाही. शुक्राणू आधीच गोठवून क्लिनिकमध्ये ठेवायचे. डोनरची बीजं निघाली की त्याच दिवशी, ताजी असतानाच फलित करायची आणि पाचव्या दिवशी तयार झालेले भ्रूण गोठवायचे. पाच दिवसांच्या भ्रूणात शंभरच्या आसपास किंवा जास्त पेशी असतात. गोठवताना त्यातल्या काही गेल्या तरी बाकीच्या काम उचलून धरतात; बीजाला हे शक्य नाही, ते एकटंच. ताज्या बीजांची संख्या पदरात पडते, तारखांची ओढाताण टळते आणि किती भ्रूण हाती आहेत हे विमानात बसण्याआधीच कळतं. खर्च बहुधा गोठवलेल्या बीजांपेक्षा जास्त येतो आणि वाटही जास्त पाहावी लागते. घाई नसेल तर मी आधी याचीच चौकशी करेन.

कुठलाही पर्याय घ्या, करारातला एक शब्द नीट वाचा : हमी कशाची दिली आहे? ‘आठ बीजं’ आणि ‘वितळवल्यावर जिवंत असलेली आठ बीजं’ यांत एका-दोन बीजांचा फरक पडतो, ‘दोन चांगले भ्रूण’ ही तर तिसरीच गोष्ट. बीजं बाहेरच्या बँकेची असतील, तर वितळवणारी लॅब त्याच बँकेच्या पद्धतीनं काम करते का, हे विचारावं. गोठवताना डोनरचं वय किती होतं, हेही विचारावं. नायट्रोजनमध्ये किती वर्षं गेली यापेक्षा ते वय जास्त बोलतं. आणि उरलेले भ्रूण परदेशात किती काळ, काय भाड्यानं राहतील, दुसरीकडे नेता येतील का, याचं उत्तर लेखी घ्यावं. त्या भ्रूणांना तुमच्या देशाचा कायदा लागू होणार नाही, ते जिथं ठेवले आहेत तिथला होईल.