घरात पिस्तूल ठेवायचंय? नाशिकमध्ये शस्त्र परवाना कसा काढतात

कोणतं पिस्तूल घेऊ हे लोक सगळ्यात आधी विचारतात, यूट्यूबवर ग्लॉकचे व्हिडिओ बघून मनही बनवून टाकतात. पण ग्लॉकचं नेहमीचं काडतूस ९ एमएम पॅराबेलम आपल्याकडे प्रोहिबिटेड बोअर, म्हणजे बंदी असलेल्या मापाचं आहे, साध्या नागरिकाला मिळत नाही, विषय संपला. सेमी-ऑटोमॅटिकमध्ये उरतं ते मुख्यतः पॉइंट ३२, जसं सरकारी कारखान्याचं अशनी पिस्तूल, नाहीतर एखाद्या लायसनवाल्याने विकायला काढलेलं जुनं फॉरेनचं, ज्याची किंमत ऐकून माणूस गप्पच बसतो. निवड करायला फारसं काही नाहीच, खरी डोकेफोड लायसनची.

अर्ज कुठे करायचा ते तुम्ही राहता कुठे यावर. अंबड, सातपूर, पंचवटी, नाशिकरोड, म्हणजे आयुक्तालयाची हद्द असेल तर गंगापूर रोडचं सीपी, म्हणजे पोलिस आयुक्तांचं ऑफिस. सिन्नर, निफाड, दिंडोरी, मालेगाव असेल तर जिल्हा दंडाधिकारी, म्हणजे आपलं कलेक्टर ऑफिस. फॉर्म ए-१. लायसन झालं की एनडीएएलच्या, म्हणजे देशभरच्या शस्त्र परवान्यांच्या ऑनलाइन नोंदीतला यूआयएन हा स्वतंत्र ओळख नंबर पडतो, तो नसलेलं लायसन चालत नाही.

वय २१ पूर्ण पाहिजे. मारामारीच्या किंवा नैतिक अधःपतनाच्या गुन्ह्यात शिक्षा झाली असेल तर शिक्षा संपल्यावर पाच वर्षं नाव काढायचं नाही, आणि चांगल्या वर्तणुकीचा बाँड चालू असेल तरी नाहीच.

कागदं तशी नेहमीचीच, फोटो, जन्मतारखेचा पुरावा, आधार, राहण्याचा पुरावा, शस्त्र सुरक्षित ठेवीन असं लिहून द्यायचं, आणि डॉक्टरचं सर्टिफिकेट फॉर्म एस-३ मध्ये, त्यात शरीर आणि मन दोन्ही ठीक आहे आणि कसलं व्यसन नाही असं स्पष्ट यायला पाहिजे. शस्त्र हाताळायचं ट्रेनिंगही लागतं.

आता मेन गोष्ट. ‘घराच्या रक्षणासाठी’ एवढं लिहून अर्ज टाकला तर तो बहुतेक पडतोच, कारण चोरीची भीती सगळ्यांनाच असते आणि आपल्याकडे शस्त्र बाळगणं हा हक्क नाही, परवानगी आहे. तुम्हालाच वेगळा धोका का, ते कागदावर दाखवावं लागतं: धमकी आली असेल तर एनसी (अदखलपात्र गुन्ह्याची नोंद) किंवा एफआयआरची कॉपी, घरफोडी झाली असेल तर तिची फिर्याद, रोकड ने-आण करत असाल (लासलगाव-पिंपळगावचे व्यापारी घ्या) तर बँक स्टेटमेंट, आयटी रिटर्न, जीएसटी. मळ्यातली एकटी वस्ती असेल तर सातबारा आणि जवळचं पोलिस ठाणं किती लांब आहे तेही लिहा. बिबट्या येतो म्हणून पिस्तूल द्या असा अर्ज मात्र करू नका, तो वन्यजीव कायद्याच्या शेड्यूल एकमधला, म्हणजे संरक्षित प्राणी आहे, त्याला मारायला कोणी लायसन देत नाही, वनखात्यालाच फोन करायचा.

मग फाइल तुमच्या पोलिस ठाण्यात चौकशीला जाते. जबाब घेतात, शेजारीपाजारी विचारतात, घरी येऊन बघतात. नियमाप्रमाणे हा रिपोर्ट ३० दिवसांत आणि त्यानंतर निर्णय ६० दिवसांत व्हायला पाहिजे, पण ‘पाहिजे’ वर जाऊ नका, इनवर्ड नंबर जपून ठेवा आणि विचारत राहा.

मिळालंच तर लायसन पाच वर्षांचं, शस्त्र कायद्याच्या २०१९ च्या दुरुस्तीनंतर एका माणसाला जास्तीत जास्त दोन शस्त्रं, काडतुसं किती ठेवायची आणि वर्षाला किती घ्यायची ते लायसनवरच लिहिलेलं असतं. निवडणूक लागली की पोलिसांचं बोलावणं येऊ शकतं, शस्त्र जमा करा म्हणून. लग्नात हवेत बार काढला तर दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही, त्यामुळे वरातीत मित्रांनी कितीही चढवलं तरी घरीच ठेवा.

आणि लायसन आहे म्हणजे घरात शिरलेल्या कोणावरही गोळी घालता येते असं अजिबात नाही. भारतीय न्याय संहितेत बचावाचा हक्क आहे, रात्रीच्या घरफोडीत तो बराच लांबपर्यंत जातो, पण गरजेपुरताच. चोर भिंतीवरून पळत असताना पाठीत गोळी मारली तर तो बचाव ठरणं अवघड, मग कोर्टाच्या चकरा तुमच्याच.

अर्ज नाकारला तर कारण लेखी मागून घ्या. अपील ३० दिवसांत करायचं, कलेक्टरनी नाकारलं असेल तर विभागीय आयुक्तांकडे, ते ऑफिस नाशिकरोडलाच आहे, आणि सीपींनी नाकारलं असेल तर मुंबईला, राज्याच्या गृह खात्याकडे.