यू वृक्ष आणि धनुष्ये: एका जुन्या समजुतीचा खुलासा

इंग्लंडमधील खेडोपाडीच्या चर्चभोवतीच्या दफनभूमीत दिसणारे जुने यू वृक्ष (यू हे एक सदाहरित, सूचिपर्णी झाड) मध्ययुगीन सैन्याच्या लांब धनुष्यांना लाकूड मिळावे म्हणून लावले गेले, असे वर्षानुवर्षे सांगितले जाते. हे वृक्ष विषारी असल्यामुळे गुरांपासून दूर, कुंपणाच्या आत ठेवले गेले, अशी जोडही या कथेला मिळते.

यूची पाने आणि बिया विषारी असतात आणि उत्तम धनुष्ये यूचीच होत, हे दोन्ही खरे आहे. १५४५ मध्ये बुडालेल्या ‘मेरी रोझ’ या युद्धनौकेवर सापडलेली धनुष्येही यूचीच आहेत. परंतु धनुष्याला सरळ, बिनगाठीचे लाकूड लागते आणि दफनभूमीतले वृक्ष बहुधा बुटके, पिळदार आणि गाठाळ असतात. म्हणूनच इंग्लंड हे लाकूड परदेशातून आणत असे, आणि ते कमी पडू लागल्यावर १४७२ च्या कायद्याने येणाऱ्या व्यापारी जहाजांवर दर टन मालामागे चार धनुष्यदंड (धनुष्य घडवण्यासाठीचे लाकडी दांडे) आणण्याची सक्ती केली. गावोगावच्या दफनभूमीत पुरेसा साठा असता, तर अशी सक्ती कशाला करावी लागली असती?

इंग्लंडचा राजा पहिला एडवर्ड (१२७२–१३०७) याच्या काळातला मानला जाणारा एक कायदा धर्मगुरूंना दफनभूमीतली झाडे तोडण्यास मनाई करतो आणि ती लावण्याचे कारणही देतो: वाऱ्यापासून चर्चच्या इमारतीचे रक्षण. त्यात धनुष्यांचा उल्लेख नाही. काही यू वृक्ष तर शेजारच्या चर्चपेक्षाही जुने असावेत, मात्र म्हातारे खोड आतून पोकळ होऊन वर्षवलये नाहीशी होत असल्याने त्यांचे नेमके वय सांगणे कठीण असते.