कुंडलिनीयोगातील प्राणायाम व मंत्रजप

पाठीच्या कण्याच्या तळाशी कल्पिलेल्या मूलाधारचक्रात निद्रिस्त मानलेली कुंडलिनी शक्ती जागवून ती कण्यातील सुषुम्ना नाडीने मस्तकातील सहस्रारापर्यंत नेण्यासाठी करावयाची श्वासाची व अक्षरांची साधना. ‘कुंडल’ म्हणजे वेटोळे, त्यावरून हे नाव. ज्ञानेश्वरीच्या (शके 1212, इ. स. 1290) सहाव्या अध्यायात कुंकवात न्हालेल्या नागाच्या पिलाची उपमा देऊन ही सर्पिणी ‘औट वळणी’, म्हणजे साडेतीन वेढ्यांची, सांगितली आहे.

प्राणायाम आणि मंत्र ही दोन्ही अंगे आरंभापासून एकत्र होती काय, याविषयी अभ्यासकांत एकमत नाही. नाथपरंपरा सर्व विद्या आदिनाथांकडे, म्हणजे शिवाकडे, नेते. षट्चक्रांची (देहातील सहा शक्तिकेंद्रांची) आज रूढ असलेली मांडणी मात्र शक्तिउपासक कौल पंथाच्या तंत्रांपैकी कुब्जिकामत तंत्रात (सु. दहावे शतक) प्रथम सुस्पष्टपणे दिसते, आणि तेथील साधना मंत्रप्रधान आहे. याउलट अमृतसिद्धी (सु. अकरावे शतक) या हठयोगाच्या आद्य ग्रंथात महामुद्रा, महाबंध व महावेध या शारीरिक क्रिया आहेत, बिंदुरक्षण (वीर्यरक्षण) आहे, कुंडलिनी नाही. बिंदू राखणे आणि कुंडलिनी चढविणे हे दोन निरनिराळे प्रवाह पुढे एकत्र आले, असे हठयोगाचे अभ्यासक जेम्स मॅलिन्सन यांचे मत आहे, आणि उपलब्ध ग्रंथांचा क्रम पाहता तेच अधिक ग्राह्य वाटते. दत्तात्रेययोगशास्त्र (सु. तेरावे शतक) तर मंत्रयोगाला योगांतील अधम ठरवून तो अल्पबुद्धी साधकाकडे सोपवते. ज्या ग्रंथांच्या आधारे आज मंत्रजप शिकविला जातो त्यांच्याच वर्तुळातला हा अभिप्राय सहसा उद्धृत होत नाही.

श्वासाच्या अंगात कुंभक, म्हणजे श्वास कोंडून धरणे, मुख्य. स्वात्मारामांच्या हठप्रदीपिकेत (सु. पंधरावे शतक) सूर्यभेदन, उज्जायी, सीत्कारी, शीतली, भस्त्रिका, भ्रामरी, मूर्च्छा व प्लाविनी असे आठ कुंभक दिले आहेत. त्यांपैकी भस्त्रिका कुंडलिनीला त्वरित जागविणारी व ब्रह्म, विष्णू आणि रुद्र या सुषुम्नेच्या मार्गातील तीन ग्रंथी (गाठी) भेदणारी म्हटली आहे. लोहाराच्या भात्याप्रमाणे श्वास वेगाने घ्यावा-सोडावा, थकवा येताच उजव्या नाकपुडीने पूरक करून (श्वास आत घेऊन) तो कोंडावा व डावीने रेचक करावा (सोडावा), असा तिचा विधी. कुंभकासोबत मूळ (गुदद्वाराजवळ), उड्डियान (पोटाशी) व जालंधर (कंठाशी) हे बंध, म्हणजे स्नायूंचे आकुंचन, लावतात. ज्ञानेश्वरीतील वर्णनही या तीन बंधांवरच उभे आहे.

मंत्राच्या अंगात प्रत्येक चक्राला बीजाक्षर आहे : लं, वं, रं, यं, हं, ॐ. पूर्णानंदांच्या षट्चक्रनिरूपणात (सु. 1577) चक्रांच्या पाकळ्या 4, 6, 10, 12, 16 व 2 आहेत, त्यांची बेरीज 50, म्हणजे वर्णमालेतील एकेक वर्ण एकेका पाकळीवर बसतो. श्वास व मंत्र खऱ्या अर्थाने एक होतात ते अजपाजपात. श्वास ‘ह’काराने बाहेर पडतो, ‘स’काराने आत येतो, आणि जीव अहोरात्रात 21,600 वेळा हा हंसमंत्र न जपताच जपतो, असे विवेकमार्तंड या हठयोगाच्या ग्रंथात म्हटले आहे. हा हिशेब मिनिटाला 15 श्वासांचा होतो.

‘कुंडलिनी योग’ या नावाने पाश्चात्त्य देशांत पसरलेली पद्धती हरभजनसिंग पुरी ऊर्फ योगी भजन (1929–2004) यांची. ते 1968 मध्ये उत्तर अमेरिकेत गेले. तीत ‘ओंग नमो गुरुदेव नमो’ने आरंभ होतो. ‘सा ता ना मा’ म्हणताना अंगठा चारही बोटांना क्रमाने लावतात. हे वर्ण शीख परंपरेतील ‘सतनाम’चे विभाजन होत. तेथील वेगवान श्वसनाचे ‘अग्निश्वास’ हे नाव हठप्रदीपिकेच्या आठ कुंभकांत नाही. कपालभातीत जोर रेचकावर असतो, तर यात पूरक-रेचक समान ठेवतात. ही पद्धती गुप्त प्राचीन परंपरा असल्याचा दावा संशोधक फिलिप डेस्लिप यांनी 2012 मध्ये खोडून काढला. योगशिक्षक धीरेंद्र ब्रह्मचारी व शीख संत महाराज विरसासिंग यांच्या शिकवणीतून ती घडली, असे ते दाखवतात.

शरीरक्रियेच्या अंगाने, मंत्र लांबवून म्हटल्यास रेचक लांबतो व श्वासगती मंदावते. लुचानो बर्नार्डी व सहकाऱ्यांच्या 2001 मधील अभ्यासात ‘ॐ मणिपद्मे हुं’ या बौद्ध मंत्राच्या उच्चारणाने ती मिनिटाला सुमारे 6 वर आली. वेगवान श्वसनाने मात्र रक्तातील कार्बन डायऑक्साइड घटून चक्कर व हातापायांना मुंग्या येऊ शकतात. म्हणून गर्भावस्था, उच्च रक्तदाब व अपस्मार असताना भस्त्रिका व अग्निश्वास वर्ज्य मानतात.