डेली माइल

डेली माइल म्हणजे शाळेतल्या पोरांनी रोज वर्गाच्या वेळात साधारण 15 मिनिटं बाहेर जाऊन आपापल्या वेगाने पळायचं, दमलं की चालायचं, परत पळायचं, आणि मग येऊन अभ्यासाला बसायचं. बस एवढंच. ना शर्यत, ना नंबर, ना शिट्टी, ना कपडे बदलणं, अंगावर शाळेचाच ड्रेस आणि पायात जे बूट असतील ते. 15 मिनिटांत बहुतेक पोरांचं सुमारे एक मैल म्हणजे 1.6 किलोमीटर अंतर होतं म्हणून हे नाव पडलं, पण तेवढं अंतर पूर्ण झालंच पाहिजे अशी सक्ती कुणावर नाही. मुलांची हालचाल वाढवायचे जेवढे म्हणून प्रयोग जगभर झाले त्यात सगळ्यात साधा आणि सगळ्यात वेगाने पसरलेला हाच असावा, आणि त्याच्यावर संशोधनही भरपूर झालंय.

सुरुवात झाली फेब्रुवारी 2012 मध्ये, स्कॉटलंडच्या स्टर्लिंगमधल्या सेंट निनियन्स या प्राथमिक शाळेत. तिथल्या तेव्हाच्या मुख्याध्यापिका एलेन वायली. शाळेत मदतीला येणारे एक वयस्कर गृहस्थ म्हणाले की मुलांच्या अंगात दमच राहिला नाहीये, तेव्हा बाईंनी पीटीच्या शिक्षकांना विचारलं, त्यांचंही मत तेच, मग बाईंनी खात्री करायला एका वर्गाला थेट मैदानाला चक्कर मारायला लावली तर एका फेरीतच बहुतेकांना धाप लागली. त्या दिवसापासून तो वर्ग रोज पळायला लागला, चारेक आठवड्यांत मैलभर न थांबता पळू लागला, आणि ते बघून बाकीचे वर्गही आले. शाळेची ही हकीकत पेपरांत आणि टीव्हीवर आली, स्कॉटलंडच्या सरकारने ती उचलून धरली, इंग्लंडच्या 2018 च्या बालस्थूलता आराखड्यातही तिचं नाव आलं, आणि इनिओस या केमिकल कंपनीने पैसा घातल्यावर हे लोण कितीतरी देशांत गेलं.

इथे एक गोष्ट नीट समजून घ्यायला हवी, पुरावा हातात येण्याआधीच हे सगळीकडे पोचलं होतं. तेव्हा बऱ्याच संशोधकांनी सांगितलं की बाबांनो आधी मोजा तरी. ती मागणी रास्तच होती.

मोजमापाचं पहिलं मोठं काम स्टर्लिंग आणि एडिंबरा विद्यापीठांच्या लोकांनी केलं, 2018 मध्ये छापून आलं. दोन शाळा घेतल्या, एकीत डेली माइल सुरू केलं, दुसरीत नाही, 4 ते 12 वर्षांची मिळून 391 मुलं. कमरेला बांधायचं हालचाल मोजणारं छोटं यंत्र, फिटनेससाठी बीप वाजेल तसं मागेपुढे पळायची शटल रन टेस्ट, आणि चरबीसाठी कातडीची घडी चिमट्यात धरून तिची जाडी, अशा तीन तऱ्हेने मोजलं. पळणाऱ्या शाळेत मध्यम ते जोराची हालचाल दुसऱ्या शाळेच्या तुलनेत दिवसाला सुमारे 9 मिनिटांनी जास्त, बसून राहण्याचा वेळ सुमारे 18 मिनिटांनी कमी, शटल रनमध्ये 39 मीटर जास्त, आणि कातडीच्या घड्यांची एकूण जाडी 1.4 मिलिमीटरने कमी भरली. आकडे चांगलेच आहेत पण शाळा दोनच, त्याही चिठ्ठ्या टाकून निवडलेल्या नाहीत, आणि सगळ्या मुलांची सगळी मापं मिळालेली नाहीत, त्यामुळे यावरून लगेच सिद्ध झालं असं म्हणता येत नाही.

मग बर्मिंगहॅममध्ये जास्त कडक परीक्षा झाली. 40 शाळा, 2280 मुलं, कुणी पळायचं आणि कुणी नाही हे लॉटरीने ठरवलेलं, आणि वर्षभराने बघायचं ते उंचीच्या हिशोबात वजन म्हणजे बीएमआय. 2020 मध्ये निकाल आला तेव्हा एकूण मुलांच्या बीएमआयमध्ये म्हणावा असा फरक नव्हता, मुलींमध्ये थोडा फरक दिसला. खर्च मात्र इतका कमी की पैशाच्या हिशोबात हा कार्यक्रम परवडेल अशीच शक्यता जास्त असं संशोधकांनी लिहिलं. यावरून काही लोकांनी डेली माइल फेल गेलं असा अर्थ काढला आणि तो मला अजिबात पटत नाही. दिवसातल्या 15 मिनिटांनी वजन उतरावं ही अपेक्षाच चुकीची आहे, वजनात घरचं खाणं, झोप, मोबाइल, आईबापांची परिस्थिती सगळं येतं. हे पळणं तोलायचं ते दमसास आणि मनःस्थितीवर.

आणि मनःस्थितीवरचा अभ्यास तर फारच छान आहे. बीबीसीच्या शालेय विज्ञान उपक्रमातून युनायटेड किंगडमभरच्या 5000 हून जास्त मुलांनी स्वतःवरच प्रयोग केला. एकदा 15 मिनिटं आपल्या वेगाने पळणं-चालणं, एकदा पार दमेपर्यंत बीप टेस्ट, आणि एकदा नुसतंच बाहेर जाऊन बसणं किंवा उभं राहणं. सगळ्यात तरतरी आली ती आपल्या वेगाने पळाल्यावर, मूडही त्यानेच सुधारला, चुकीचं उत्तर आवरून बरोबर बटण दाबायच्या टेस्टमध्येही मुलं जरा चपळ झाली. बीप टेस्टनंतर मूड नुसतं बाहेर बसलेल्या वेळेइतकाच. म्हणजे जोर किती लावला यापेक्षा वेग मुलाच्या हातात आहे का हे मोठं, आणि म्हणूनच जी शाळा याची शर्यत करते, फेऱ्या मोजून फळ्यावर नावं लावते, ती यातला जीवच काढून घेते असं माझं स्पष्ट मत आहे. मागे राहणारं जाडं किंवा दम्याचं पोर ज्या दिवशी शेवटचा नंबर म्हणून ओळखलं जातं त्या दिवसापासून ते पोट दुखतंय सांगायला लागतं.

शिक्षकांशी बोलून केलेल्या अभ्यासांत अडचणी जवळपास सारख्याच निघाल्या: पोर्शन पूर्ण करायची घाई, पाऊस, चिखल झालेलं मैदान, आणि काही महिन्यांनी रोज तेच तेच म्हणून कंटाळा. जिथे शाळेभोवती पक्का रस्ता आहे आणि कधी बाहेर काढायचं हे वर्गशिक्षकच ठरवतात तिथे ते टिकतं. पीटीच्या तासाऐवजी हे करायचं नसतं, तो तास वेगळा राहतो, कारण चेंडू झेलणं, उडी मारणं, तोल सांभाळणं हे नुसत्या पळण्यातून येत नाही.

जागतिक आरोग्य संघटनेच्या 2020 च्या शिफारशीनुसार 5 ते 17 वयाच्या मुलांना आठवड्याच्या सरासरीने रोज 60 मिनिटं मध्यम ते जोराची हालचाल हवी, आणि आठवड्यातून निदान 3 दिवस हाडं-स्नायू बळकट करणारे व्यायाम. डेली माइल त्यातला फार तर पाव हिस्सा भरतं. 146 देशांची माहिती जोडून काढलेला 2016 सालचा अंदाज सांगतो की 11 ते 17 वयातली 81 टक्के मुलं एवढी हालचाल करत नाहीत. भारतात हे प्रमाण जवळपास 74 टक्के, म्हणजे जगाच्या मानाने बरं पण चारातली तीन मुलं तरीही कमी पडतायत, आणि बहुतेक देशांत मुली मुलांपेक्षा मागे.

आपल्याकडे करायचं तर वर सांगितलेले डेली माइलचे अभ्यास सगळे थंड हवेच्या देशातले आहेत हे लक्षात ठेवावं लागेल, मार्च-एप्रिलच्या विदर्भात दुपारी पोरं मैदानात काढणं धोक्याचंच, तिथे सकाळी परिपाठ झाल्या झाल्या पळवून लगेच पाणी प्यायला सोडणं हेच जमण्यासारखं आहे. मुंबईत जिथे शाळेला फक्त सिमेंटचं छोटं कंपाउंड आहे तिथे एकेक वर्ग आळीपाळीने काढता येतो, डेली माइलमध्ये नाहीतरी अख्खी शाळा एकदम बाहेर यावी अशी अट नाहीच.