लेन्स फ्लेअर व रंगीत कडा (मोबाइल कॅमेऱ्यातील)

मोबाइलच्या कॅमेऱ्याने टिपलेल्या छायाचित्रात मूळ दृश्यात नसलेला प्रकाश किंवा रंग उमटवणारे दोन दोष. सूर्य अथवा प्रखर दिवा चौकटीत किंवा चौकटीच्या जरासा बाहेर असताना भिंगांच्या पृष्ठभागांवरून उलटसुलट परावर्तित झालेला प्रकाश सेन्सरवर पडतो आणि ठिपके, वलये, पट्टे किंवा सबंध चित्रावर धूसर पडदा दिसतो. हा लेन्स फ्लेअर. गडद व उजळ भागांच्या सीमेवर, उदाहरणार्थ आकाशासमोरच्या निष्पर्ण फांदीच्या कडेला, जी जांभळी, हिरवी वा तांबडी रेघ दिसते ती रंगीत कड. तिचे मुख्य कारण भिंगाचे वर्णविपथन, म्हणजे निरनिराळ्या रंगांचे किरण एकाच जागी न जुळणे. पहिला दोष परावर्तनाचा, दुसरा अपवर्तनाचा (पदार्थात शिरताना किरण वळण्याचा). तरीही त्यांचा विचार एकत्र करणे सोयीचे ठरते, कारण वर्णविपथन घालवायला भिंगे वाढवली की पृष्ठभाग वाढतात आणि फ्लेअरला नव्या वाटा मिळतात.

वर्णविपथन : पारदर्शक पदार्थाचा अपवर्तनांक निळ्या प्रकाशासाठी जास्त व तांबड्यासाठी कमी असतो. त्यामुळे एकाच बहिर्गोल भिंगातून निळे किरण भिंगाजवळ आणि तांबडे किरण थोडे दूर एकत्र येतात. हे अक्षीय वर्णविपथन; ते चित्राच्या मध्यभागीही असते. तिरप्या किरणांच्या बाबतीत वेगवेगळ्या रंगांच्या प्रतिमांचा आकारही किंचित वेगळा होतो. हे पार्श्व वर्णविपथन. मध्यभागी ते शून्य असते आणि कोपऱ्यांकडे वाढत जाते. पदार्थाचे अपस्करण, म्हणजे रंग फाकवण्याचे प्रमाण, आबे अंकाने मोजतात. अंक जितका लहान तितके रंग जास्त फाकतात. नेहमीच्या क्राउन काचेचा आबे अंक ६४ च्या आसपास, तर फ्लिंट काचेचा ३६ च्या आसपास असतो.

अवर्णक भिंगाचा शोध : क्राउन काचेचे बहिर्गोल व फ्लिंट काचेचे अंतर्गोल भिंग जोडून दोन रंगांचे किरण एका जागी आणता येतात. अशा अवर्णक जोडीचे श्रेय कोणाचे, हा वाद अडीचशे वर्षे चालत आला आहे. आयझॅक न्यूटनने १७०४ मधील ‘ऑप्टिक्स’मध्ये अपस्करण हे अपवर्तनाच्या प्रमाणातच असते असे गृहीत धरले होते. तसे असते तर दोन पदार्थांच्या जोडीने रंग घालवताना भिंगाची शक्तीही नाहीशी झाली असती. न्यूटनने स्वतः आरशाची दुर्बीण बनवली, आणि त्याच्या नावाच्या दबदब्यामुळे भिंगांचा प्रश्न बराच काळ मिटल्यासारखा मानला गेला.

चेस्टर मूर हॉल (१७०३–१७७१) हा एसेक्समधील बॅरिस्टर. डोळ्यातील निरनिराळ्या द्रवांमुळे रंगदोष निघून जातो, या त्याच्या समजुतीतून त्याला दोन काचांच्या जोडीची कल्पना सुचली असे सांगतात. समजूत चुकीची होती, कारण मानवी डोळ्यातही वर्णविपथन असते. पण तीवरून निघालेला मार्ग बरोबर ठरला. त्याने हे भिंग नेमके कधी बनवले याविषयी एकमत नाही. काही संदर्भग्रंथ १७२९ देतात, काही १७३३. पहिले वर्ष विचाराचे व दुसरे प्रत्यक्ष दुर्बिणीचे असावे, असा दोहोंचा मेळ घालता येतो. गुप्तता राखण्यासाठी हॉलने दोन भिंगे एडवर्ड स्कार्लेट व जेम्स मान या दोन वेगळ्या कारागिरांकडे सोपवली. दोघांनीही काम जॉर्ज बास या एकाच घासणाऱ्याकडे दिले आणि दोन्ही भिंगे एकाच गिऱ्हाइकाची आहेत हे बासच्या ध्यानात आले. ही हकीकत रंजक आहे, मात्र ती लिहिली गेली बऱ्याच काळानंतर, हे विसरू नये.

लेनर्ड ऑयलरने १७४७ च्या सुमारास काच व पाणी यांच्या संयोगाने वर्णविपथन घालवता येईल असे गणिताने मांडले. लंडनचा भिंगकार जॉन डॉलंड सुरुवातीला न्यूटनच्या बाजूने ऑयलरशी वाद घालत होता. स्वीडनच्या सॅम्युएल क्लिंगेनशेर्नाने १७५४ मध्ये न्यूटनच्या गृहीतातील विसंगती दाखवल्यावर डॉलंडने स्वतः प्रयोग केले. १७५८ मध्ये त्याने रॉयल सोसायटीपुढे निबंध ठेवला, एकस्व (पेटंट) घेतले आणि त्याच वर्षी त्याला कॉप्ली पदक मिळाले. १७६१ मध्ये तो वारल्यावर मुलगा पीटर याने इतर भिंगकारांवर एकस्वभंगाचे दावे लावले. १७६४ मध्ये लंडनच्या भिंगकारांनी हॉलच्या अग्रक्रमाचा दाखला देत एकस्व रद्द करण्याचा अर्ज केला. १७६६ च्या चँपनीज खटल्यात निकाल डॉलंडच्या बाजूने लागला. हॉलने शोध आपल्या कपाटात बंद ठेवला, लोकांना तो कळला नाही, म्हणून जनतेला लाभ देणारा डॉलंडच शोधक, असा त्याचा आशय पुढील निवाड्यांत उद्धृत झाला. हे मत न्यायाधीश लॉर्ड मॅन्सफील्डच्या नावावर सांगण्याची प्रथा आहे. पण खटला कॉमन प्लीज न्यायालयात लॉर्ड कॅम्डेनपुढे चालला, हे अलीकडच्या अभ्यासकांचे म्हणणे अधिक ग्राह्य वाटते. डॉलंडचाच जावई जेसी रॅम्सडेन याने १७८९ मध्ये हॉलचा पक्ष उचलून धरला. कल्पना हॉलची, सिद्धांताशी सांगड व प्रसार डॉलंडचा, असा निवाडा आता बहुधा मान्य होतो.

प्लॅस्टिकची भिंगे : मोबाइलमध्ये क्राउन-फ्लिंट काच सहसा नसते, पण जोडीचे तत्त्व तसेच राहिले आहे. साच्यात वितळलेले प्लॅस्टिक दाबाने भरून ही भिंगे बनवतात, त्यामुळे गोलाकार नसलेले पृष्ठभागही स्वस्तात मिळतात. क्राउनची जागा चक्रीय ओलेफिन बहुवारिकाने (पॉलिमरने) घेतली आहे (अपवर्तनांक सुमारे १.५३, आबे अंक सुमारे ५६) आणि फ्लिंटची जागा उच्च अपवर्तनांकाच्या पॉलिकार्बोनेट वा पॉलिएस्टर जातीच्या प्लॅस्टिकने (अपवर्तनांक १.६१ ते १.६६, आबे अंक २० ते २७). एकूण शक्ती १ हवी असेल तर क्राउन-फ्लिंटमध्ये बहिर्गोल भागाची शक्ती सुमारे २.३ व अंतर्गोलाची उणे १.३ लागते. आबे अंक ५६ व २० असलेल्या प्लॅस्टिकच्या जोडीत हेच आकडे १.५६ व उणे ०.५६ इतके सौम्य होतात. काही मिलिमीटर जाडीत सगळा भिंगसमूह बसवणे या सौम्यपणामुळे सोपे जाते.

तरीही अवर्णक जोडी दोनच रंग जुळवते. उरलेल्या रंगांचा अवशेष, म्हणजे दुय्यम वर्णपट, राहतोच. हिरव्या रंगावर फोकस साधला की तांबडा व निळा दोन्ही किंचित पसरतात, आणि त्यांची बेरीज जांभळी दिसते. एर्न्स्ट आबेने १८८६ मध्ये सूक्ष्मदर्शकासाठी तीन रंग जुळवणारी भिंगे आणली, पण त्यासाठी फ्ल्युओराइटसारखा पदार्थ लागला. मोबाइलच्या प्लॅस्टिकांत तसा पर्याय नसल्यामुळे संख्या वाढवण्याचा रस्ता घेतला गेला. २०११ च्या आयफोन ४एसमध्ये पाच भिंगे होती; नंतरच्या महागड्या फोनच्या मुख्य कॅमेऱ्यात सहा, सात, कधी आठही आढळतात.

जांभळी कड : तिचे स्पष्टीकरण वर्णविपथनावर थांबवावे की नाही, यावर मतभेद आहेत. एका मतानुसार सेन्सरच्या पिक्सेलांत प्रमाणाबाहेर जमलेला विद्युतभार शेजारी सांडतो. दुसरे मत पिक्सेलांवरील सूक्ष्मभिंगांकडे बोट दाखवते, तिसरे गाळणीतून सुटलेल्या अतिनील वा अवरक्त प्रकाशाकडे. ब्राइस बायर याच्या १९७६ च्या एकस्वातील गाळणीजाळ्यात चारपैकी दोन पिक्सेल हिरवे, एक तांबडा, एक निळा असतो. गाळलेले रंग अंदाजाने भरताना कडेवर खोटा रंग येऊ शकतो, हेही एक कारण सांगतात. विद्युतभार सांडण्याचा सिद्धांत जुन्या सीसीडी सेन्सरना अधिक लागू होता. आजच्या सीमॉस सेन्सरबाबत अक्षीय वर्णविपथन मूळ कारण व बाकीची पूरक, हे मत जास्त पटते. कारण फोकस जरासा पुढेमागे केला की कडेचा रंग जांभळ्याकडून हिरव्याकडे वळतो. दोष केवळ सेन्सरचा असता तर असे झाले नसते. अनेक फ्रेम जोडून चित्र बनवणाऱ्या फोनमध्ये वाऱ्याने हललेल्या पानांच्या कडेला येणारी रंगीत रेघ मात्र जुळणीतील चुकीने येते. तिला वर्णविपथनात गणू नये.

फ्लेअरचे गणित : १.५ अपवर्तनांकाच्या पृष्ठभागावर सरळ पडलेल्या प्रकाशापैकी सुमारे ४ टक्के परत फिरतो, १.६६ साठी हे प्रमाण ६ टक्क्यांच्या वर जाते. दोनदा परावर्तित झालेला प्रकाश पुन्हा सेन्सरच्या दिशेने जातो व दिव्याची फिकट प्रतिमा देतो. सात भिंगांचे १४, अवरक्त गाळणीचे २ व बाहेरच्या काचेचे २ असे १८ पृष्ठभाग धरले तर अशा दुहेरी परावर्तनांच्या १५३ जोड्या होतात, सेन्सर वेगळाच. लेप चढवून प्रत्येक परावर्तन अर्ध्या टक्क्यावर आणले तरी दुहेरी परावर्तन दहा लाखांत २५ इतके उरते. सूर्यबिंब निळ्या आकाशाच्या काही लाख पट तेजस्वी असल्याने तेवढेही डोळ्यांत भरते.

लेपाची कल्पना अपघातातून आली. लॉर्ड रॅले याने १८८६ मध्ये जुनी, गंजट काच नव्या काचेपेक्षा जास्त प्रकाश सोडते हे नोंदवले. डेनिस टेलरला १८९० च्या दशकात छायाचित्रणाच्या भिंगांत तेच दिसले. निर्वात कक्षात पातळ थर बसवण्याचे तंत्र १९३५ मध्ये झाइस कंपनीच्या अलेक्झांडर स्माकुला याने एकस्वांकित केले. १९३६ मध्ये अमेरिकेतील जॉन स्ट्राँग याने तसेच तंत्र प्रसिद्ध केले, तर कॅथरिन ब्लॉजेट हिचे काम १९३८ चे. मॅग्नेशियम फ्ल्युओराइडचा एकच पाव तरंगलांबीचा थर ४ टक्क्यांचे १.४ टक्के करतो. काचेवर तो टणक बसावा म्हणून ती बरीच तापवावी लागते आणि प्लॅस्टिकला एवढी उष्णता सोसत नाही. म्हणून मोबाइलसाठी कमी तापमानाची तंत्रे, अलीकडे अणुथर निक्षेपणही (एकेका अणूच्या जाडीचे थर चढवत जाणे), वापरतात. ‘टी-स्टार’ हे झाइसचे लेप सोनीच्या व विवोच्या फोनांत आले. ॲपलने २०२३ च्या आयफोन १५ प्रोसाठी नॅनो आकारमानाच्या लेपाची जाहिरात केली.

मोबाइलमधील विशेष प्रकार : रात्री दिव्याच्या चित्रात, चौकटीच्या मध्यापलीकडे बरोबर समोरासमोर दिसणारा हिरवा वा निळसर ठिपका सर्वांच्या परिचयाचा आहे. तो सेन्सर व त्यापुढील भिंग किंवा गाळणी यांच्यातील परावर्तनाने येतो, आणि फोन हलवला की दिव्याच्या उलट दिशेला सरकतो. गणपती विसर्जनाच्या किंवा दिवाळीच्या रोषणाईच्या चित्रांतले असे ठिपके अधूनमधून गूढ शक्तीच्या नावे फिरतात. सरकण्याची ही खूण पाहिली तर शंका उरत नाही. दुसरा प्रकार पाकळ्यांसारख्या तांबड्या ठिपक्यांचा. सुमारे एक मायक्रोमीटर अंतरावरचे पिक्सेल जालकासारखे, म्हणजे प्रकाश ठरावीक दिशांना वाकवून पसरवणाऱ्या (विवर्तित करणाऱ्या) बारीक जाळीसारखे, वागतात. त्यांनी विवर्तित केलेला प्रकाश वर अवरक्त गाळणीवर आदळतो व परततो. परावर्तक थराची गाळणी तिरप्या किरणांसाठी आपली सीमा निळ्याकडे सरकवते, त्यामुळे तांबडा प्रकाशच जास्त मागे फिरतो. शोषक निळ्या काचेची गाळणी हा त्रास कमी करते.

दिव्यातून चौकटभर जाणारी लांब रेघ बहुतेक वेळा बाहेरच्या काचेवरील बोटाच्या तेलकट ठशाची असते. पुसताना बोट ज्या दिशेने फिरले तिच्याशी ती काटकोन करते. पडद्याखाली दडवलेल्या सेल्फी कॅमेऱ्यात (पहिला बाजारात आला तो २०२० चा झेडटीई ॲक्सॉन २०) पडद्याचे पिक्सेलच विवर्तन घडवतात व दिव्याभोवती इंद्रधनुषी शेपट्या येतात. पेरिस्कोप पद्धतीच्या झूममध्ये लोलकाच्या आतल्या भिंतींची भर पडते.

दोन प्रकरणे : सप्टेंबर २०१२ मध्ये आलेल्या आयफोन ५ मध्ये प्रखर उजेडाच्या दिशेने जांभळे धुके पसरते अशी तक्रार झाली. बाहेरील काचेऐवजी वापरलेल्या नीलमणी स्फटिकाला बऱ्याच जणांनी दोष दिला. ॲपलने त्याच ऑक्टोबरमध्ये लहान कॅमेऱ्यांत चौकटीबाहेरच्या दिव्यामुळे असे होते, फोन थोडा वळवावा किंवा हाताची सावली धरावी, असा खुलासा केला. नीलमणीचा अपवर्तनांक सुमारे १.७७ असल्याने लेपाशिवाय तो जास्त परावर्तन करतो हे खरे. पण तेवढ्याने जांभळा रंग का यावा याचे उत्तर मिळत नाही. २०१६ मध्ये गूगलच्या पहिल्या पिक्सेल फोनमध्ये कमानीच्या आकाराचे प्रकाशवलय दिसू लागले. कंपनीने भिंग न बदलता, ती कमान ओळखून वजा करणारा प्रोग्रॅम दिला.

मापन व दुरुस्ती : फ्लेअरसाठी आयएसओ १८८४४ (२०१७) व रंगांच्या विस्थापनासाठी आयएसओ १९०८४ (२०१५) ही मानके आहेत. पार्श्व वर्णविपथनाची दुरुस्ती सोपी असते, कारण फोनच्या प्रत्येक मॉडेलसाठी तांबड्या व निळ्या प्रतिमा किती आखडायच्या वा ताणायच्या हे आधीच मोजून ठेवता येते. अँड्रॉइडच्या ५.० आवृत्तीपासून ॲपना या दुरुस्तीची पातळी निवडता येते: बंद, जलद किंवा उच्च दर्जाची. अक्षीय दोषात रंग पसरलेला असल्याने असे उत्तर नाही. तेथे जांभळी कड शोधून तिचा रंग फिका करतात, आणि त्यात कधी कधी जांभळ्या फुलाची कडही करडी होते. फ्लेअर काढण्यासाठी २०२१ पासून कृत्रिम फ्लेअर घातलेल्या चित्रांवर शिकवलेली न्यूरल जाळी प्रसिद्ध होत आहेत. ती ठिपक्याबरोबर खरा दिवाही पुसून टाकतात, म्हणून कमाल पांढरा झालेला भाग आधी वेगळा काढून ठेवावा लागतो आणि साफसफाई झाल्यावर मूळ जागी परत बसवावा लागतो.