जुने जेट, नवे जेट : वैमानिकांची तुलना

प्रवासी विमाने चालवणारे वैमानिक एकत्र बसले की जुने विमान बरे की नवे, हा विषय निघतोच. या तुलनेला शास्त्रात वेगळे नाव नाही, पण ज्याने दोन-तीन प्रकारची विमाने चालवली आहेत तो प्रत्येक जण ती करतो. वेग आणि आकार यांवर फारसे कोणी बोलत नाही. विमान हाताला काय सांगते आणि पडद्यावर काय सांगते, यावरच बोलणे फिरत राहते. या नोंदीत उदाहरणे शक्य तिथे बेळगाव सीमाभागातली घेतली आहेत.

आधी ‘जुने’ म्हणजे काय, हे ठरवायला हवे. प्रवाशाला सीटचे कापड विटलेले दिसले की विमान जुने वाटते. देखभाल करणारे इंजिनिअर उड्डाणाचे तास आणि उड्डाण-उतरणीच्या फेऱ्या मोजतात. बेळगाव–बंगळूरसारख्या आखूड मार्गांवर दिवसाकाठी फेऱ्या जास्त पडतात, त्यामुळे विमानाचे फेऱ्यांतले वय झपाट्याने वाढते. वैमानिक मात्र घराणे पाहतो. बोइंग ७३७चे पहिले उड्डाण ९ एप्रिल १९६७ला झाले आणि त्याच घराण्यातले मॅक्स २०१६मध्ये उडाले. एअरबस ए३२०चे पहिले उड्डाण २२ फेब्रुवारी १९८७चे. म्हणजे कालच कारखान्यातून निघालेले मॅक्स हे वैमानिकाच्या लेखी वीस वर्षे वापरलेल्या ए३२०पेक्षा जुन्या वळणाचे विमान असते.

हे वळण सर्वांत चांगले दिसते ते ७३७च्या ट्रिमच्या, म्हणजे विमानाचा नाक-शेपटीचा तोल साधण्याच्या, चाकात. दोन्ही वैमानिकांच्या मधल्या कट्ट्याला दोन्ही बाजूंनी ताटाएवढी काळी चाके असतात, त्यांवर पांढरे पट्टे. शेपटीच्या आडव्या पंखाचा कोन बदलला की ती गुडघ्याशेजारी खडखडत फिरतात. विजेवरची यंत्रणा बंद पडली तर आतली घडीची मूठ बाहेर काढून हाताने फिरवायची. ही मूठ बाहेर राहिली आणि चाक अचानक फिरले, तर गुडघ्याला प्रसाद मिळतो. पण विमान स्वतःहून काही करू लागले की ते आधी कानाला कळते, हेही तितकेच खरे. एअरबस ए३२०वरही असे चाक आहे, पण ते आपले आपण, गुपचूप फिरते. तिथे वैमानिकासमोर ७३७सारखे दांड्याचे स्टिअरिंग नसून बाजूला छोटी काठी असते. ती हलवली की संगणकाला आज्ञा जाते आणि पंखांच्या झडपा किती हलवायच्या ते संगणक ठरवतो. शेजारच्या वैमानिकाने काठी किती ओढली, हे आपल्या काठीला कळत नाही. इंजिनांचा जोर स्वयंचलित असताना एअरबसचे थ्रस्ट लिव्हर जागचे हलत नाहीत. बोइंगचे मात्र हलतात, आणि तळहात त्यांवर असला की न पाहताही अंदाज येतो.

बेळगावकराला हा फरक समजायला विमानात बसावे लागत नाही. उद्यमबागेतल्या कुठल्याही शेडमध्ये लेथवर आयुष्य काढलेला कारागीर टूल कसे कापते आहे ते आवाजावरून आणि हँडलच्या दाबावरून सांगतो. शेजारी सीएनसीवर (संगणकाने चालणाऱ्या यंत्रावर) बसलेला पोरगा पडद्यावरचे आकडे पाहतो. माल सीएनसीचाच जास्त नेमका निघतो, यावर दोघांचे एकमत असते. जिल्ह्यातल्या हत्तरगी येथील एक्वसच्या विशेष आर्थिक क्षेत्रात एअरबस आणि बोइंग यांच्यासाठी सुटे भाग बनतात, तेव्हा ही उपमा फार लांबून आणलेली नाही.

बेळगावचा, म्हणजे सांबऱ्याचा, विमानतळ ब्रिटिश हवाई दलाने १९४२मध्ये बांधला. नवी टर्मिनल इमारत सप्टेंबर २०१७ची. धावपट्टी २,३०० मीटर आणि उंची समुद्रसपाटीपासून सुमारे अडीच हजार फूट. इथे हवा जरा विरळ असल्याने काट्यावर तोच वेग दिसत असताना जमिनीवरचा खरा वेग चार-पाच टक्क्यांनी जास्त असतो. जुलैत ढग खाली उतरलेले आणि धावपट्टी ओली असली की वैमानिक हे विसरू शकत नाही. धावपट्टी अपुरी पडेल असे दिसताच बोलून सावध करणारी यंत्रणा नव्या एअरबसवर घेता येते. जुन्या विमानांत हा हिशेब कागदावर आणि डोक्यात होत असे.

सीमाभागाला घरगुती उदाहरणही आहे. कोल्हापूरकडच्या घोडावत समूहाच्या स्टार एअरने २०१९पासून बेळगावहून एम्ब्रेअर ईआरजे-१४५ चालवले. १९९५मध्ये पहिल्यांदा उडालेले, पन्नास आसनांचे, एका बाजूला एक आणि दुसऱ्या बाजूला दोन खुर्च्यांचे हे जेट. त्यात ऑटोथ्रॉटल नाही, म्हणजे उड्डाणापासून उतरेपर्यंत इंजिनांचा जोर वैमानिकाच्या हाताने. पुढे त्याच कंपनीत आलेल्या ७६ आसनांच्या ई-१७५मध्ये ते काम यंत्र करते. ई-१७५ मात्र धड जुने नाही, धड नवे नाही : शेपटीच्या झडपांना विजेच्या तारांतून आज्ञा जाते, तर पंखांच्या टोकाकडच्या झडपा अजून लोखंडी केबलने ओढल्या जातात.

नवे म्हणजे सोपे, असेही नाही. ए३२० निओवरच्या (ए३२०च्या नव्या इंजिनांच्या आवृत्तीवरच्या) प्रॅट अँड व्हिटनी इंजिनाचा पंखा दोन मीटरहून मोठा आहे. डिझेल कमी, आवाज कमी, असे कोणी म्हणाले तर पहिला शब्द दुरुस्त करावा (विमानात केरोसीन भरतात), बाकी बरोबर. पण इंजिन बंद केल्यावर वरची बाजू गरम आणि खालची थंड राहून आतला दांडा किंचित वाकतो. म्हणून पुन्हा सुरू करण्याआधी ते काही काळ कोरडे, म्हणजे इंधन न पेटवता, फिरवावे लागते. सांबऱ्यासारख्या ठिकाणी अर्ध्या तासात विमान परत निघायचे असते, तेव्हा जुन्या इंजिनाची आठवण येते.

कॉकपिटमधला सर्वांत जुना विनोद नव्या विमानांबद्दलचा आहे : ‘हे आता काय करतंय?’ बेळगावच्या बोलीत तो ‘हे आत्ता काय करालंय की!’ असा होईल. विनोदामागचा अनुभव गंभीर आहे. १४ फेब्रुवारी १९९० रोजी इंडियन एअरलाइन्सचे जेमतेम काही महिने वापरलेले ए३२० बंगळूरला उतरताना कोसळले आणि ९२ माणसे गेली. उतरताना इंजिने अगदी कमी जोराच्या मोडमध्ये राहिली आणि ते वेळेत लक्षात आले नाही. उलट बाजूचा धडा मॅक्सचा. जुन्याच सांगाड्यावर मोठी इंजिने पुढे-वर सरकवून बसवली आणि त्याने बदललेली चाल झाकायला एमकॅस नावाची, विमानाचे नाक आपोआप खाली करणारी प्रणाली घातली. तिच्याबद्दल वैमानिकांना पुरेसे सांगितलेलेच नव्हते. ऑक्टोबर २०१८ आणि मार्च २०१९ मधल्या दोन अपघातांत ३४६ जणांचा जीव गेला. तेव्हा जुने सुरक्षित आणि नवे धोक्याचे, किंवा उलट, असे म्हणणारा वैमानिक घाईत बोलतो आहे असे समजावे.

एका मुद्द्यावर मात्र वाद होत नाही : थकवा. जुन्या जेटमध्ये केबिनमधली हवा आठ हजार फुटांवरच्या हवेइतकी विरळ असते, म्हणजे उटीहूनही उंच जागी बसल्यासारखे. २०११मध्ये सेवेत आलेल्या बोइंग ७८७मध्ये ती सहा हजार फुटांवर, कळसूबाईच्या माथ्याहून थोडीच वर, राखली जाते, आणि हवेत ओलावाही जास्त. दहा तासांनंतर हा फरक डोळ्यांना जाणवतो.

सांबऱ्यात आता छोट्या पंख्याच्या विमानांवर वैमानिकांचे प्रशिक्षणही चालते. तिथल्या विद्यार्थ्याला ट्रिमचे चाक पहिल्याच आठवड्यात हाताने फिरवावे लागते. पुढे थेट ए३२०वर नोकरी लागली, तर ते चाक त्याच्या शेजारी असते, पण स्वतःच फिरत असते.