घरच्या गाडीला ॲक्सेसरीज स्वतः बसवताना

आमच्याकडून सामान नेऊन घरीच बसवणारे ग्राहक बरेच आहेत, आणि ते काम घरी नीट होतं. मॅट, मड फ्लॅप, व्हायजर (खिडकीवरची पावसाची पट्टी) यांत चूक झाली तर फार तर एखादी क्लिप तुटते. वायरिंगमध्ये चूक झाली तर गाडी पेट घेऊ शकते. म्हणून या पत्रकात फॉग लॅम्पला जास्त जागा दिली आहे. चोर्ला आणि आंबोली घाटात पावसाळ्यात त्यांचीच गरज लागते.

फॉग लॅम्प

आधी बंपरच्या मागे हात घालून बघा. बऱ्याच गाड्यांच्या खालच्या मॉडेललाही कंपनीचं सॉकेट टेपने गुंडाळून ठेवलेलं असतं. ते असेल तर कंपनीचे लॅम्प, जाळी आणि स्विच एवढ्यावर भागतं. फक्त फ्यूज बॉक्समध्ये त्या जागी रिले (छोट्या करंटवर मोठा करंट चालू-बंद करणारा स्विच) आणि फ्यूज आहेत का ते पाहा, कधीकधी जागा रिकामी असते. मूळची एकही वायर कापावी लागत नाही, म्हणून शक्य तिथे आम्ही हाच सेट सुचवतो.

सॉकेट नसेल तर रिले किट लावा. 10 नंबरच्या पान्याने बॅटरीची मायनस आधी सोडा आणि काम झाल्यावर ती सगळ्यांत शेवटी जोडा. मायनस जोडलेली असताना प्लसवरचा पाना बॉडीला टेकला की थेट शॉर्ट. काही गाड्यांत बॅटरी सोडल्यावर म्युझिक सिस्टिम कोड मागते, तो आधीच शोधून ठेवा.

55 वॅटचे दोन हॅलोजन बल्ब 12 व्होल्टवर मिळून सुमारे 9 अँपिअर ओढतात. एवढा करंट छोट्या स्विचमधून नेला तर त्याचे पॉइंट जळतात, तो भार रिले घेतो. रिलेच्या पायांवर आकडे असतात: 30 ला बॅटरीची प्लस, 87 वरून दोन्ही लॅम्प, 86 ला स्विचकडून आलेली वायर, 85 बॉडीला. 30 आणि 87 च्या वायरी 2.5 चौ. मिमी तांब्याच्या घ्या, स्विचला 0.75 पुरते. 15 अँपिअरचा फ्यूज बॅटरीपासून वीतभर अंतरातच हवा. तो रिलेजवळ लावला आणि अलीकडची वायर घासून बॉडीला लागली, तर करंट तोडणारं मध्ये काहीच नसतं. फ्यूज सारखा उडतो म्हणून 30 अँपिअरचा टाकू नका, मग फ्यूजऐवजी वायर जळते. स्विचचा सप्लाय पार्किंग लाइटच्या फ्यूजवरून फ्यूज टॅपने (फ्यूजच्या जागी बसून जादा वायर देणारा जोड) घ्या, म्हणजे गाडीचे दिवे बंद केले की हेही बंद होतात.

एक लॅम्प मंद असेल तर आधी अर्थिंग बघा. रंगावरच बोल्ट आवळलेला असतो. काचपेपरने पत्रा चकचकीत होईपर्यंत घासा, रिंगचं थिंबल (वायरच्या टोकाला दाबून बसवायची धातूची कडी) घट्ट आवळा आणि वर व्हॅसलीन लावा. वायरी पिळून काळी टेप गुंडाळू नका. इंजिनच्या उष्णतेने टेपचा डिंक सुटतो, कणकुंबी-जांबोटीच्या पावसाचं पाणी आत शिरतं आणि तांबं हिरवं पडतं. थिंबल प्लायरने दाबून वर हीटश्रिंक स्लीव्ह (गरम केल्यावर आवळणारी नळी) चढवा. वायर केबिनमध्ये रबरी ग्रोमेटमधूनच (पत्र्याच्या भोकातलं रबरी बूच) न्या आणि त्याच्या अलीकडे तिला खाली झोल द्या, म्हणजे पाणी आत न जाता तिथेच ठिबकतं.

दिवे लागले की गाडी सपाट जागी भिंतीपासून 5 मीटरवर उभी करा. झोताची वरची कड लॅम्पच्या मध्यापेक्षा 10 सेंमी खाली हवी. त्याहून वर गेली तर धुकंच पांढरं उजळतं आणि रस्ता दिसत नाही. 15 मिनिटं दिवे चालू ठेवून फ्यूज होल्डरला हात लावा. चटका बसला तर जोड ढिला आहे.

बाकीचं सामान

व्हायजर: चौकट स्पिरिटने पुसून पूर्ण कोरडी करा. पावसाच्या दिवशी हे काम काढू नका. चिकटवल्यावर 24 तास पाणी लागू देऊ नका.

मड फ्लॅप शक्यतो मूळच्या भोकांतच बसवा. नवं भोक पाडलंच तर कडांना रेड ऑक्साइड लावा, नाहीतर तांबडा चिखल साचून तिथूनच गंज धरतो. मग स्टिअरिंग दोन्हीकडे पूर्ण वळवून टायर घासतो का ते बघा.

मॅटवर मॅट टाकू नका, वरची सरकून ॲक्सिलरेटरखाली अडकते. सीटच्या कडेला एअरबॅगची खूण असेल तर त्या बाजूला उसवणारी शिलाई असलेलंच कव्हर मागा.

बुल बार (बंपरपुढचा लोखंडी गार्ड) आम्ही ठेवत नाही. डिसेंबर 2017 मध्ये केंद्र सरकारने त्यांवर मनाई केली आहे, आणि धडकेचा जोर सेन्सरपर्यंत नीट न पोहोचल्याने एअरबॅग वेळेवर न उघडण्याचा धोका असतो.